विहिरीच्या दोराची गोष्ट कुणी वाचली आहे का? (जुन्या गूढकथा, भयकथा, विज्ञानकथा तुम्ही कशा शोधता?)

माळ्यावरची_पेटी

नमस्कार मंडळी,

तीसेक वर्षं डोक्यात अडकलेली एक गोष्ट इथे मांडतोय. मी चौथीत असताना आजोळच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत दिवाळी अंकांचा गठ्ठा सापडला होता. एका अंकाला मुखपृष्ठ नव्हतं, अनुक्रमणिकाही नव्हती. पिनांच्या गंजाचे डाग आत वीस पानांपर्यंत उतरलेले होते. त्यात ही गोष्ट होती.

एक माणूस कोकणातलं वडिलोपार्जित घर विकायला बायकोसह येतो. मागच्या परसात कोरडी विहीर आहे. रात्री रहाट करकरतो. सकाळी बघतो तर विहीर कोरडी ठणठणीत, पण दोर ओला. तो सहज दोर मोजतो, बावीस हात. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजतो, तेवीस. तिसऱ्या दिवशी चोवीस. नव्या हातभर तुकड्याची गाठ कुणीतरी घट्ट, नीट मारलेली असते. चौथ्या रात्री तो कंदील घेऊन विहिरीच्या काठावर बसतो. मध्यरात्री दोर हळूहळू ताठ होतो आणि...

आणि पान १९२ संपतं. पुढचं पान १९५.

लेखकाचं नाव माहीत नाही, अंकाचं नाही, वर्षही नाही. कुणी वाचली आहे का? आणि त्यानिमित्ताने दुसरा प्रश्न: अशा हरवलेल्या गूढकथा, भयकथा, विज्ञानकथा तुम्हाला कशा सापडल्या? माझं मत असं की आपल्याकडचं या प्रकारातलं निम्मं उत्तम लेखन पुस्तकांत आलंच नाही. ते दिवाळी अंकांतच राहिलं आणि अंकांबरोबर रद्दीत गेलं. म्हणून लेखकाच्या नावाने शोधून भागत नाही, अंक शोधावे लागतात.

रात्रपाळी

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

सुमेधा_ठाणे

गोष्ट वाचलेली नाही, पण अंगावर काटा आला. ती नीट मारलेली गाठ!

धारपभक्त

हे शंभर टक्के नारायण धारप. वडिलोपार्जित घर, विकायला आलेला माणूस, रात्रीचा आवाज. 'अनोळखी दिशा' या त्यांच्या कथासंग्रहाचे खंड चाळून बघा, त्यात असेल.

वाचनालयवाला

धारपभक्त, मला नाही वाटत. धारपांकडे संकट आलं की ते काय आहे हे सांगणारं कुणीतरी येतंच. त्यांच्या कथांतले, अदृश्याशी लढणारे समर्थ येतात, किंवा आप्पा जोशींसारखा समर्थांचा माणूस असतो. इथे नुसता दोर मोजणारा एकटा माणूस आहे. आणि 'अनोळखी दिशा' मी दोनदा वाचलंय, विहिरीचा असा दोर त्यात आठवत नाही.

आता धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आमचं फिरतं वाचनालय होतं, वडिलांनी सुरू केलेलं. सायकलला दोन पिशव्या, खाकी कव्हरं, पाठीवर शाईने नंबर. सगळ्यात जास्त फाटायची ती बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणि धारपांची. दर उन्हाळ्यात वडील आणि मी खळ घेऊन बसायचो. अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार, काळापहाड अशा वेळी मी चिकटवता चिकटवता वाचले. धारप मात्र वडील दुपारीच वाचायला द्यायचे. रात्री पुस्तक हातात दिसलं की काढून घ्यायचे.

तर माझं उत्तर हे की मला ही पुस्तकं दुसऱ्यांच्या मागण्यांमधून सापडली. एक निवृत्त पोस्टमास्तर दर महिन्याला विचारायचे, "द. पां. खांबेटे आले का?" त्यांच्यामुळे 'माझं नाव रमाकांत वालावलकर' हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं आणि पुढे बारा वर्षं ते पुस्तक शोधत राहिलो. शेवटी सांगलीत एका लग्नाला गेलो असताना यजमानांच्या कपाटात दिसलं. अक्षता पडेपर्यंत निम्मं वाचून झालं होतं.

सुमेधा_ठाणे

वाचनालयवाला, तुम्ही यावर वेगळा लेख लिहाच. आणि उरलेलं निम्मं कधी वाचलंत?

वाचनालयवाला

जेवणाच्या पंगतीला बसलोच नाही. यजमानांनी पुस्तक बरोबर दिलं, आठ दिवसांत रजिस्टर पोस्टाने परत केलं.

इंदूरकर

सुंदर धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मराठीत विज्ञानकथेची ओळख किती जुनी आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९०० च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद क्रमशः आला. 'केरळकोकिळ' म्हणजे कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनहून सुरू केलेलं मासिक. विचार करा, कोचीनहून निघालेलं मराठी मासिक आणि त्यात चंद्रावरची स्वारी. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे नुसतं नाव वाचूनच मी ते पुस्तक उचललं होतं. धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणणारा माणूस मुलांना काय आवडतं ते जाणून होता. भागवत मूळचे आमच्या इंदूरचे, हे अभिमानाने नोंदवतो.

अणुरेणू

मी नववीपर्यंत मराठीत विज्ञानकथा असते हेच ऐकलं नव्हतं. इंग्रजी माध्यम. अकरावीला एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा होता, जयंत नारळीकरांचा. प्राध्यापक गायतोंडे एका अशा मुंबईत पोचतात जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाला चाटून जाते आणि तिथून सगळा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. परीक्षेसाठी वाचलेला तो एकच धडा मी पुन्हा पुन्हा वाचला.

कॉलेजात असताना कुणीतरी सांगितलं की ही मूळ मराठी गोष्ट आहे, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. त्या संध्याकाळी मी आजीला ती मोठ्याने वाचून दाखवायला लावली, कारण माझं मराठी वाचन अडखळत होतं. आजीने चष्मा लावला आणि एका दमात वाचली. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि गंगाधरपंत तिथे जाऊन बोलू लागतात, तिथे ती थांबली आणि म्हणाली, "आता मारणार बघ ह्याला लोक." मला तो प्रसंग इंग्रजीत गंमतीचा वाटला होता. आजीच्या तोंडून ऐकताना त्या माणसाची भीती कळली.

शेंडेनक्षत्र_७

@इंदूरकर, माझा आयडी कुठून आलाय ते ओळखलंत! :)

@अणुरेणू, नारळीकरांची पहिली विज्ञानकथाही अशीच लपून आली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करा, ना. वि. ज. होतात. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून हस्तलिखितही पत्नीच्या हातचं. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांना कळलं की जगताप म्हणजे कोण. गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा मी 'यक्षांची देणगी' पुन्हा काढून बसलो होतो.

बोसबाबू

अवांतर: स्पर्धेवरून आठवलं. जगदीशचंद्र बोस यांनीही १८९६ साली एका स्पर्धेसाठी विज्ञानकथा लिहिली होती आणि ती स्पर्धा होती कुंतलीन नावाच्या केशतेलाची! कथेत समुद्रावरचं वादळ बाटलीभर तेल ओतून शांत होतं. तेल कुठलं ते सांगायला नको. पृष्ठताणाचं विज्ञान आणि जाहिरातीची अट, दोन्ही एका कथेत बसवलं. बंगालीत या जुन्या गोष्टी अजून छापल्या जातात, लोक त्यांची नावं सहज सांगतात. आपल्याकडे श्री. बा. रानड्यांची 'तारेचे हास्य' किती जणांनी वाचली आहे?

रात्रपाळी

आलो. मी कारखान्यात रात्रपाळीला असतो, कंट्रोल रूममध्ये. दर तासाला आकडे नोंदवायचे, मधला वेळ आपला. त्या वेळात मी गेल्या सहा वर्षांत परदेशी जुन्या भयकथा वाचत आलो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझा अनुभव.

लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकारापासून सुरू करू नका. त्याचं नाव सगळीकडे दिसतं म्हणून मीही तिथूनच सुरू केलं आणि विशेषणांत बुडालो. एम. आर. जेम्सपासून सुरू करा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात हा माणूस नाताळच्या सुमारास मित्रांना जमवायचा आणि स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट मेणबत्तीच्या उजेडात वाचून दाखवायचा. पहिला संग्रह १९०४ चा. जुनी हस्तलिखितं, चर्च, ग्रंथालयं अशी कोरडी माहिती सांगत सांगत एकदम चादरीत काहीतरी हलतं. त्यानंतर ब्लॅकवुडची 'द विलोज' वाचा, १९०७ ची. डॅन्यूब नदीतल्या वाळूच्या बेटावर दोन मित्र तंबू ठोकतात, सभोवार नुसती वाळुंजासारखी झुडपं. बेट रोज थोडं थोडं झिजतंय. भूत म्हणून काही दिसत नाही आणि तरी मी ती वाचून उठलो तेव्हा पंपहाऊसपर्यंत एकटा जाऊ शकलो नाही, सहकाऱ्याला उठवलं.

तिसरा विल्यम होप हॉजसन. 'द हाऊस ऑन द बॉर्डरलँड', १९०८. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये तोफगोळ्याने मारला गेला. त्याचा कार्नाकी हा भूतशोधक वाचताना मला सतत धारपांचे समर्थ आठवत होते. अदृश्याशी लढणारा, नियम पाळणारा, अनुभवी माणूस. ही परंपरा धारपांनी मराठी घरात आणली आणि ती इथली वाटली, हे मोठं काम आहे.

तासाचे आकडे घ्यायची वेळ झाली, पुढचं नंतर.

सह्याद्रीचा_वारा

रात्रपाळी, प्रतिसाद आवडला पण शेवटच्या वाक्यावर बोलायलाच हवं. 'आणली' हा शब्द फार सोयीचा आहे. धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून, 'शपथ' ही 'इट'वरून. मी आधी मराठी वाचली, भारावलो, नंतर इंग्रजी वाचली आणि फसवल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतं.

धारपभक्त

सह्याद्रीचा_वारा, मी उलट्या क्रमाने आलो. आधी किंग, मग धारप. आणि मला धारपांबद्दलचा आदर वाढला. परक्या गावाची कथा इथल्या वाड्यात, इथल्या माणसांत बसवायची तर प्रत्येक वाक्य नव्याने रचावं लागतं. व्हॅम्पायरला आपल्याकडे शब्दच नाही. क्रूस आणि पवित्र पाणी इथे चालत नाही. मग त्याच्याविरुद्ध उभं काय करायचं हे लेखकाला शोधावं लागतं. शिवाय 'गोग्रॅमचा चितार', 'नेनचिम' या विज्ञानकथा वाचा आणि मग बोलू.

सह्याद्रीचा_वारा

कौशल्य मान्य. माझी तक्रार श्रेय न देण्याबद्दल आहे. मुखपृष्ठाच्या आत एक ओळ 'अमुक कथेवर आधारित' एवढी असती तर माझ्यासारख्या वाचकाला तिथूनच पुढचा रस्ता मिळाला असता. मला किंग वीस वर्षं उशिरा सापडला. आपण इथे 'शोधायचं कसं' यावरच बोलतोय ना?

धारपभक्त

हा मुद्दा मात्र मान्य. ती एक ओळ हवी होती.

तुंबाडकर_नाही

याच साखळीतली आणखी एक कडी. 'तुंबाड' चित्रपट (२०१८) ज्या बीजावर उभा आहे ते धारपांच्या 'आजी' या कथेत आहे आणि 'आजी'मागे किंगची 'ग्रामा' आहे. गावाचं नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देतं. आणि चित्रपटातला तो हस्तर? अँब्रोज बिअर्सच्या एका छोट्या कथेत हस्तूर हा मेंढपाळांचा दयाळू देव आहे. १८९५ च्या 'द किंग इन यलो'मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं, तिथे त्याला नीट अर्थच नाही, नुसता धूसर दबदबा. १९३१ मध्ये लव्हक्राफ्टने 'द व्हिस्परर इन डार्कनेस'मध्ये ते नुसतं उच्चारून सोडलं. आपल्या पडद्यावरच्या हस्तरचं त्याच्याशी नामसाम्य आहेच. मेंढ्या राखणारा देव लोभी मुलगा होऊन कोकणातल्या पावसात येईपर्यंत शंभर-सव्वाशे वर्षं गेली. मला या वाटा शोधण्यात गोष्टीइतकाच आनंद मिळतो.

सुमेधा_ठाणे

हे माहीत नव्हतं! आता रात्री झोप येणार नाही आणि कारण भूत नसून बिअर्स असेल.

मुंज्या_पिंपळावर

तुम्ही सगळे एवढ्या लांब जाताय, आमच्याकडे काय कमी होतं? मुंजा, खवीस, झोटिंग, वेताळ, हडळ, जखीण, गिऱ्हा, चकवा. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, वेळ ठरलेली, मागणी ठरलेली. माझी आजी गुहागरकडची. चकवा लागला तर काय करायचं तर वहाण काढून उलटी घालायची किंवा आहे तिथे बसून राहायचं, पहाटेपर्यंत. आजोबा एकदा घरामागच्या मळ्यात रात्रभर फिरले होते. सकाळी पाहिलं तर एकाच बांधाभोवती गवत तुडवून गोल वाट पडलेली. ती वाट मी नाही पाहिली, पण आजी हाताने हवेत गोल काढून दाखवायची तो हात अजून दिसतो.

धागाकर्त्यांची दोराची गोष्ट या मातीतली वाटते. लेखक कोकणातलाच असणार. 'रहाट', 'हात' मोजणं, परसातली विहीर. शहरात बसून सुचणारी नाही.

कमलाकर_काका

मी वयाने ७४. माझे दोन पैसे.

इंग्रजांकडे भुताची गोष्ट नाताळात, आपल्याकडे दिवाळीत. रात्रपाळीने जेम्सबद्दल लिहिलं ते वाचून हे जाणवलं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि सणाला वाचायचं ही सवय मराठी घराला लागली. अनंत अंतरकरांचं 'नवल' आणि नंतर 'धनंजय' यांनी त्या सणात भीतीला जागा दिली. आमच्या चाळीत एक अंक पाच घरांत फिरायचा. क्रम ठरलेला असे. आम्ही चौथे. चकलीच्या तेलाचे डाग बघून कुठल्या गोष्टीवर लोक थांबले ते ओळखू यायचं. रत्नाकर मतकरींच्या गोष्टीच्या पानांवर तेल कमी, कारण हात थांबायचा.

मतकरींबद्दल एवढंच सांगतो. भूत दिसलं म्हणून भीती वाटली असं त्यांच्याकडे क्वचित होतं. 'खेकडा' वाचल्यावर मला माझ्या शेजारच्या सभ्य माणसांची भीती वाटू लागली. मे २०२० मध्ये करोनाने ते गेले. त्या टाळेबंदीत माझ्याजवळ 'मध्यरात्रीचे पडघम' होतं, घरात मी एकटा. मुद्दाम दिवसा वाचलं.

धागाकर्त्याला: तुमचं मत बरोबर आहे. अंकच शोधले पाहिजेत. पण फार ग्रंथालयं दिवाळी अंक जपत नाहीत. एका गावी मी माझ्या डोळ्यांनी तीस वर्षांचे अंक किलोवर जाताना पाहिले. जागा नाही, म्हणाले. मी टेम्पोमागे गेलो आणि हाताला लागतील तेवढे एकोणीस विकत घेतले.

वाचनालयवाला

काका, तेलाच्या डागांचं अगदी खरं. नमस्कार.

जीए_वाचणारी

कुणीच जी. ए. कुलकर्णींचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. इंग्रजीत ज्याला 'वीअर्ड' म्हणतात ते मराठीत सगळ्यात उंचीवर नेलं असेल तर जीएंनी. 'रमलखुणा'त दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. कुठला देश, कुठला काळ, काही ठाऊक नाही. वाळवंट, ओसाड देवळं, भविष्य विचारत फिरणारी माणसं. त्यात भूत नाही, म्हणून त्यांना कुणी भयकथांच्या कपाटात ठेवत नाही.

धारपभक्त

ताई, जीए भयकथा? ते साहित्य आहे हो, नियती वगैरे.

जीए_वाचणारी

म्हणजे धारप-मतकरी साहित्य नाही? या दोन कपाटांमुळेच नुकसान झालं. जीए वाचणारे धारपांकडे वळत नाहीत आणि धारप वाचणाऱ्याला वाटतं जीए परीक्षेसाठी असतात. मी बारावीच्या सुट्टीत 'लुचाई' संपवून दुसऱ्याच दिवशी 'काजळमाया' उघडलं, केवळ नावावरून. मला वाटलं भुताचं पुस्तक आहे. 'विदूषक' वाचून तीन दिवस नीट जेवले नाही. नाव चुकीचं समजल्यामुळे मला सगळ्यात बरोबर पुस्तक सापडलं.

सह्याद्रीचा_वारा

+१११. याच न्यायाने शशी भागवतांचं 'मर्मभेद'. कपाट कुठलं हेच कुणाला ठरवता आलं नाही.

नवा_सदस्य_२२

यातली बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये टेलिग्रामवर आहेत. कुणाला हवी तर सांगा.

संपादक_मंडळ

नवा_सदस्य_२२, कृपया इथे दुवे देऊ नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. धारप २००८ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं साकेत प्रकाशनाने पुन्हा आणली आहेत, विकत मिळतात.

नवा_सदस्य_२२

ठीक आहे, क्षमस्व. पण जी पुस्तकं कुणीच छापत नाही त्यांचं काय? ती वाचायचीच नाहीत का?

ग्रंथपाल_निवृत्त

प्रश्न रास्त आहे. उत्तर लांब आहे, पण ज्यांना खरंच शोधायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढली.

पहिली पायरी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. एका माणसाने १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० अशी मराठी पुस्तकांची नोंद केली. मोठ्या ग्रंथालयात संदर्भ विभागात मिळते. कादंबरी विभाग घेऊन बसा आणि नुसती शीर्षकं वाचा. 'अद्भुत', 'चमत्कारिक', 'गूढ', 'पिशाच्च' असे शब्द दिसले की वहीत उतरवा. मी कितीतरी नावं अशीच गोळा केली. नाथमाधवांसारख्यांचे हक्क कधीच संपलेत, ते खुशाल वाचा, छापा, वाटा.

दुसरी पायरी जुनी ग्रंथालयं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. तिथे गेल्यावर 'भयकथा आहेत का' असं विचारू नका. 'बांधीव मासिकं कुठल्या सालापासून आहेत' असं विचारा. कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर फरक दिसेल.

तिसरं, हाताळणी. त्या काळचा कागद आम्लधर्मी. तो आपोआप पिवळा होतो, मग कडेने बिस्किटासारखा तुटतो. जुना अंक स्कॅनरवर पालथा दाबू नका, पाठ मोडते. अंक उशीवर अर्धवट उघडा ठेवा, खिडकीच्या उजेडात मोबाईलने वरून फोटो घ्या. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकतील अशा ठेवू नका. आणि पहिला फोटो नेहमी अनुक्रमणिकेचा. कारण ती पहिल्यांदा गळते.

@माळ्यावरची_पेटी, तुम्ही लिहिलंय १९२ नंतर एकदम १९५. म्हणजे तिथलं एकच पान गेलंय आणि आजूबाजूची पानं शाबूत आहेत. एखादं पान असं मधूनच जातं तेव्हा बहुतेकदा ते कुणीतरी कापून नेलेलं असतं. त्या पानाच्या मुळाशी कड सरळ आहे की फाटकी?

माळ्यावरची_पेटी

दंडवत. अंक आता माझ्याकडेच आहे, आत्ता काढून बघितला. कड सरळ आहे. ब्लेडने कापल्यासारखी. तीस वर्षांत हे बघायचं सुचलं नव्हतं. मी कायम 'फाटलं' म्हणत आलो.

खारेपाटणची

थांबा थांबा. मी धागा सकाळपासून वाचतेय आणि हात थरथरतोय.

ही गोष्ट मला माहीत आहे. वाचलेली नाही, ऐकलेली. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये बाबा ओटीवर बसून सांगायचे. विहीर, रहाट, ओला दोर, बावीस हात. सगळं तेच. आणि शेवट असा: चौथ्या सकाळी बायको उठते. नवरा जागेवर नाही. काठावर कंदील जळतोय. ती दोर ओढून वर घेते आणि मोजते. बावीस हात. आणि दोर कोरडा.

बाबा इथे थांबायचे आणि काडी ओढून बिडी पेटवायचे.

सुमेधा_ठाणे

अरे देवा.

रात्रपाळी

कंट्रोल रूममधून. मी आज सहकाऱ्याला पुन्हा उठवणार.

मुंज्या_पिंपळावर

म्हणजे कुणीतरी खालून रोज एक हात वर येत होतं आणि बाहेर आल्यावर जोडलेल्या गाठींची गरज उरली नाही. कसला शेवट आहे हा!

जीए_वाचणारी

किंवा तो खाली गेला आणि दोर त्याच्यासाठीच वाढत होता. मला दुसरं जास्त भयंकर वाटतं.

माळ्यावरची_पेटी

खारेपाटणची ताई, काय लिहू कळत नाही. दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. तुमच्या बाबांनी कुठल्या अंकात वाचली होती, विचाराल का? त्यांच्याकडे अंक आहे का अजून?

खारेपाटणची

फोन केला होता. बाबा ८१ वर्षांचे आहेत, आवाज खणखणीत. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"अंक गेला गो, पुरात गेला. नाव आठवत नाय. पण शेवट माझो आसा. माका तरी खंय वाचूक गावलो? त्या पानाच्या मागे शब्दकोड्याचा कुपन होता, पयला बक्षीस शिवणाची मशीन. तुझ्या आवशीक मशीन व्हयी होती. मी आधी कोडा सोडवलंय, पान कापून पोस्टात टाकलंय आणि मग रात्री गोष्ट वाचूक घेतलंय. वाचता वाचता पान संपला. मग तुमका सांगूचा म्हणून शेवट मीच घातलंय."

मशीन मिळालं नाही. आई म्हणे दोन दिवस बाबांना हसत होती, आणि बाबा दोन दिवस दोराचाच विचार करत होते.

ग्रंथपाल_निवृत्त

म्हणून कड सरळ! कुपन कापायची सूचनाच असणार, पूर्ण पान पाठवा अशी. याचा अर्थ त्या अंकाच्या कितीतरी प्रतींमधून हेच पान गेलेलं असेल. ज्याने कोडं सोडवलं नाही त्याच्याकडेच गोष्ट पूर्ण आहे.

कमलाकर_काका

खारेपाटणची, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. खऱ्या लेखकाचा शेवट सापडला तरी मी हाच लक्षात ठेवणार आहे.

धारपभक्त

गोष्ट धारपांचीच, हे माझं म्हणणं मागे घेतो. पण शोध चालू ठेवूया. साल कसं ठरवायचं?

खारेपाटणची

बाबांना एवढं पक्कं आठवतं की माझ्या मोठ्या भावाची ती पहिली दिवाळी होती. म्हणजे १९७६.

वाचनालयवाला

१९७६ चे दिवाळी अंक माझ्या घरी सात-आठ तरी निघतील. वाचनालय बंद केलं तेव्हा जे कुणी नेले नाहीत ते पोत्यात भरून गच्चीच्या खोलीत ठेवलेत. आमच्या वाचनालयाचा नियम होता, कुपन कापलं तर अंकाची पूर्ण किंमत वसूल. लोक घाबरून कापत नसत. उद्या रविवार आहे, सकाळी ऊन वर आलं की पोती खाली घेतो. नेमकं काय बघू?

माळ्यावरची_पेटी

मुखपृष्ठ कसं असेल ते सांगता येत नाही. माझ्या प्रतीत १८१ व्या पानावर केसांच्या तेलाची अर्ध्या पानाची जाहिरात आहे, गोष्ट १८४ ला सुरू होते, वर कंदिलाचं छोटं रेखाचित्र आहे. पान १९३ हवं आहे. मागे १९४ वर शब्दकोडं असेल, उभे-आडवे चौकोन. दादा, अंक उशीवर ठेवूनच उघडा.